मूळ पुरुषाची तक्रार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (यातला साष्टांग लिहिण्यापुरताच घे. ज्या खोलीत बसून मी हे लिहितोय तिथे आठही अंगं जमिनीला टेकवायची म्हटली तर पाय जिन्यात जातील. तेव्हा खाटेवर बसल्या बसल्याच हात जोडलेत.) तुझी तब्येत कशी आहे? भावोजींच्या गुडघ्याला उतार पडला का? तुझा चष्मा बदलायला झाला असेल तर मला कळव, भलत्याच दुकानात जाऊन डोळ्यांचं वाटोळं करून घेऊ नकोस. माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही आणि डाव्या कानशिलात सारखं ठणकतं, पण ते रागामुळे. तब्येतीचा त्यात काही दोष नाही.

तू म्हणशील, याला चांगलं घर असताना हा कुठल्या खोलीत जाऊन बसलाय? घर होतं, ताई. मी ते सोडलं. रविवारी दुपारी भरल्या ताटावरून उठलो, पिशवीत दोन शर्ट, दाढीचं सामान आणि (घाईत) टीव्हीचा रिमोट कोंबला आणि बाहेर पडलो. मी कुठे चाललोय हे कुणालाही कळू नये अशी माझी इच्छा होती, म्हणून मी दारातून, मग जिन्यातून, मग खाली रस्त्यावर उभा राहून या गावाचं नाव मोठ्याने घेतलं आणि तिकडे मला शोधायला येऊ नका असं बजावलं. आज चौथा दिवस. कुणीही आलेलं नाही! तुझ्या भावजयीचा एकदा फोन आला. मला वाटलं, आली ठिकाणावर. तिने रिमोट कुठे आहे एवढंच विचारलं. तीस वर्षांच्या संसाराचं हे फळ.

आता तुला मुळापासून सांगतो, कारण सगळी भानगड मुळाचीच आहे. चष्म्याचं दुकान भागीदाराच्या हवाली केल्यापासून मी आपल्या आडनावाच्या मागे लागलो होतो हे तुला माहीत आहे. (माहीत नाही असं म्हणू नकोस, मी तुला फोनवर सविस्तर सांगितलं होतं. तू मध्येच दूध उतू जातंय म्हणालीस.) आपलं आडनाव ना कुठल्या गावावरून पडलं, ना धंद्यावरून, ना कुणाच्या व्यंगावरून. (भावोजींच्या आडनावाबद्दल मी काही बोलत नाही.) आपलं आडनाव म्हणजे सरळ एका माणसाचं नाव आणि त्याच्या मागे चिकटलेलं 'याची मुलं' एवढंच सांगणारं शेपूट. कोणे एके काळी त्या नावाचा एक माणूस होता, त्याला मुलं झाली, लोक त्यांना अमक्याची पोरं म्हणायला लागले आणि ते जे चिकटलं ते आजवर निघालेलं नाही. ज्याच्या नावाने इतकी माणसं सह्या करतात, त्याने काहीतरी जंगी करून ठेवलेलं असणारच, असा माझा साधा हिशेब होता. ते काय, एवढंच मला शोधायचं होतं. यात मी कुणाचं काय घोडं मारलं?

लेक पाणीखात्यात आहे. जमिनीखालून कुठला नळ कुठे जातो याचे नकाशे काढते. तिने तिच्या हपिसातून मला एक भिंतभर नकाशा आणून दिला. तो मी जेवणाच्या खोलीत लावला (त्यासाठी कपाट हलवावं लागलं आणि कपाटामागे जे सापडलं त्यावरून तुझी भावजय आठवडाभर बोलली नाही, पण ते असो) आणि आपल्या आडनावाचा माणूस जिथे जिथे सापडेल तिथे एक टाचणी, असं सुरू केलं. जुनी फोनची पुस्तकं, दुकानाची गिऱ्हाइकं, लेकीने शिकवलेला कम्प्युटर, सगळं पिंजून काढलं. सापडला की फोन करायचा आणि दोनच प्रश्न विचारायचे. एक, आपला मूळ पुरुष काय करायचा? दोन, तुमच्याकडचे लोक त्या गावात कसे आले?

पहिल्या प्रश्नाला जी उत्तरं मिळाली त्यांनी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंदरावर एक दाताचे डॉक्टर आहेत आपल्या आडनावाचे. ते म्हणाले, मूळ पुरुष दात काढायचा आणि इतका अलगद काढायचा की माणूस घरी जाऊन आरशात बघायचा तेव्हा त्याला कळायचं. बोटीवरच्या एका स्वयंपाक्याने शपथेवर सांगितलं की तो बोटीवर स्वयंपाकी होता. मयताच्या पेट्या बनवणारा एक सुतार आहे डोंगरापलीकडे, त्याच्या मते मूळ पुरुषाच्या हातच्या पेट्या इतक्या देखण्या असत की धडधाकट माणसं आधीच येऊन माप देऊन जायची. गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंनी तर मला त्याने बांधलेली चालच म्हणून दाखवली, फोनवर, पुरी! एकाही माणसाला असं वाटू नये की आपण जे करतो ते सोडून जगात दुसरंही काही असतं? जो तो आपलीच पाटी त्या बिचाऱ्याच्या गळ्यात अडकवतोय. आणि हे सगळं कधी, तर तो भिंगं घासायचा हे उघड असताना. आपल्या घरात चष्म्याचा धंदा उगाच आला का?

दुसऱ्या प्रश्नाला मात्र सगळ्यांचं उत्तर एकच निघालं. ऐकशील तर गप्पच बसशील. सगळे रुसून आले, ताई! दाताच्या डॉक्टरांचे पणजोबा घरातले लोक त्यांच्यासाठी न थांबता जेवायला बसले म्हणून निघाले ते थेट समुद्र लागेपर्यंत चालत राहिले. स्वयंपाक्याच्या आजोबांच्या टोपीला सख्खा भाऊ हसला. सुताराच्या घराण्यातला माणूस दाराबाहेर असताना कुणीतरी चुकून आतून कडी लावली, त्याने ती उघडायची वाट पाहिली नाही. मी एकेक टाचणी लावत गेलो आणि मागे सरकून बघितलं तर मला दरदरून घाम फुटला. लढाया नाहीत, दुष्काळ नाहीत, व्यापार नाही. आपलं आडनाव आज सोळा गावांत पसरलंय ते निव्वळ डोक्यात राख घालून. तुझी भावजय चहाचा कप घेऊन नकाशासमोर उभी राहिली आणि म्हणाली की या नकाशाला आता तुमचा फोटो तेवढा लावायचा राहिलाय. मी तिला सांगितलं की याला स्वाभिमान म्हणतात. ती कप विसळायला निघून गेली.

लेकीने वेगळंच खुसपट काढलं. नकाशा नीट निरखून (नळ बघायची सवय) तिने विचारलं, की यात आत्या कुठे आहे? मी म्हटलं, तुझ्या आत्याने लग्नानंतर आडनाव बदललं, ती मोजणीतून गेली. ती म्हणाली, आणि आजोबांच्या बहिणी? त्याही गेल्या. आणि मी? तिने आडनाव बदललेलं नाही हे मला एकदम आठवेना, म्हणून मी जरा अडखळलो, तर ती नुसतं हं म्हणाली. ताई, हा नियम मी केलेला नाही. शास्त्र आहे ते. तुला टाचणी मिळाली नाही याचं मला वाईट वाटत नाही असं नाही, पण भावोजींच्या आडनावाच्या नकाशावर तू असशीलच की कुठेतरी. त्यांच्यात कुणी काढला असेल तर.

बरं, आता मुख्य गोष्ट. आपल्या शाखेत मी शेवटचा. मला एकच मुलगी, तुझी मुलं दुसऱ्या आडनावाची. म्हणजे माझ्यानंतर जेवणाच्या खोलीतली टाचणी काढायची आणि भोक बुजवायचं. रात्रंदिवस हेच मला खात होतं. पण गेल्या महिन्यात नात झाली आणि मला आशा वाटायला लागली. कारण जावई. तो लिफ्ट दुरुस्त करतो हे तुला माहीत आहेच. तो अनाथालयात वाढला आणि तिथल्या सगळ्या पोरांना तिथल्या व्यवस्थापकाचंच आडनाव लावायचे. आजही हाक ऐकली की त्याला वाटतं, रांगेतल्या दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत. ते आडनाव बाळाला लावायचं नाही असं त्याने लग्नातच सांगून टाकलं होतं. मग उरलं काय? आपलं! मी कुणाला काही बोललो नाही. फक्त नवी टाचणी आणून ठेवली. लाल डोक्याची. मुलगी असली तरी मी शास्त्र जरा बाजूला ठेवणार होतो. याहून मोठं मन कुणी दाखवायचं?

आणि रविवारी ताटं वाढून झाल्यावर लेक काय म्हणाली असेल? म्हणाली, "बाबा, आमचं ठरलं. बाळाला तुमचं आडनाव नाही लावत आम्ही, आम्ही..."

पुढचं मी ऐकलं नाही. ऐकण्यासारखं काय उरलं होतं? मी उठलो. खुर्ची पडली ती मी उचलली नाही. लेक मागून काहीतरी सांगत होती, बाळ रडत होतं, जावई हातात पाण्याचा तांब्या घेऊन अर्धवट उभा होता (हा माणूस कुठल्याही प्रसंगी अर्धवट उभा असतो, धंद्याची सवय असेल) आणि तुझी भावजय सगळ्यांना म्हणाली, जाऊ दे, जाऊ दे. आता हे जाऊ दे म्हणजे विषय जाऊ दे की माणूस जाऊ दे, हे मी चार दिवस ठरवतोय.

तर मी इथे, नकाशावरच्या सगळ्यात जवळच्या टाचणीवर आलो. हा आपला आडनावबंधू किल्ल्या बनवतो. खाली दुकान, मागे संसार आणि वर ही खोली. स्वभावाने भला आहे पण भयंकर तापट. (असली माणसं मला सहन होत नाहीत.) सकाळी दुकान उघडलं की किल्ल्या घासायचं यंत्र सुरू होतं आणि माझी खाट भिंतीपासून हळूहळू खोलीच्या मध्यावर येते. संध्याकाळी मी ती परत लोटतो. त्याची बायको जेवायला हाक मारते ती आडनावाने, तेव्हा आम्ही दोघंही ओ देतो आणि दोघंही एकमेकांकडे असं बघतो की दुसऱ्याने आपल्या खिशात हात घातलाय. काल त्याने पुन्हा सांगितलं की मूळ पुरुष कुलपं करायचा. मी भिंगं म्हटलं. शेवटी दोघंही न जेवता उठलो, आणि तो त्याचंच घर असल्यामुळे जाऊन जाऊन दुकानात जाऊन बसला. त्याची बायको रिकाम्या खोलीत एकटीच शांतपणे जेवली. या घराण्यात लग्न करून आलेल्या बायका जेवतात मात्र व्यवस्थित.

याचे आजोबा या गावात आले ते भावाने फुटक्या कपात चहा दिला म्हणून. ही खोली त्यांचीच. इथली खिडकी बसस्टॉपवर उघडते. किल्लीवाला सांगत होता की आजोबा म्हातारपणापर्यंत रोज या खिडकीत बसायचे. घरचं कुणी बोलवायला आलंच तर येत नाही म्हणून ठणकावून सांगायचं होतं त्यांना. वाक्यसुद्धा तयार होतं. कुणी आलंच नाही. घरच्यांना वाटलं, तो रागावलाय, आता कशाला जायचं. हे ऐकून मला का कोण जाणे, फार वाईट वाटलं, आणि मी किल्लीवाल्याला म्हटलं की तुझ्या आजोबांनी स्वतःच परत जायला काय हरकत होती? तो माझ्याकडे बघत राहिला. मी खिडकीत बसतो ते हवेसाठी.

असो. पत्र लांबलं. माझा निर्णय पक्का आहे. ज्या घरात आपल्या आडनावाला जागा नाही त्या घरात मी पाऊल टाकणार नाही. नातीला माझ्याकडून तुझ्याच हाताने काहीतरी घेऊन दे. तिला हल्ली आवाजाकडे मान वळवता येते. टाळी वाजवू नये, दचकते. नुसतं चुक् चुक् करावं.

भावोजींना नमस्कार. मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा (आणि आता तेवढाच कुणाचा तरी उरलेला)
धाकटा भाऊ

ता. क. — तू मोठी आहेस. तुला मला रागवायचा हक्क आहे हे मी कधीच नाकारलेलं नाही. तेव्हा हे पत्र मिळताच फोन करून मला सणसणीत रागाव. "असशील तसा आधी घरी चालता हो" असं काहीतरी म्हण. मी नाही म्हणेन. पुन्हा म्हण. मी पुन्हा नाही म्हणेन, जरा कमी आवाजात. त्यानंतर फोन ठेवू नकोस म्हणजे झालं. मग मला सांगता येईल की ताईचा शब्द मोडवेना. मी हे सुचवलं असं कुणालाही कळता कामा नये.

ता. क. दुसरं — पाकीट चिकटवायला बसलो तोच समोर बस थांबली आणि जावई उतरला. मी लगेच खिडकीपासून दूर झालो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. तो आला. तयार वाक्य म्हणायला मी तोंड उघडलं, पण त्याने परत चला असं म्हटलंच नाही, त्यामुळे वाक्य तोंडातच राहिलं. तो खाटेच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, की चार दिवस रोजच निघणार होतो, पण आई (म्हणजे तुझी भावजय) म्हणायच्या, आधी राग उतरू दे. आज मात्र त्याच त्याला म्हणाल्या, की जा, रिमोट तरी घेऊन ये. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्ही निम्म्यातून उठलात. ती म्हणत होती, तुमचं आडनाव नाही, तुमचं नाव लावतोय. बाळाचं आडनाव म्हणून."

माझं नाव, ताई! जे मी दुकानाच्या पाटीवर कधी लिहू दिलं नाही, जे मी आयुष्यभर एका अक्षरात आखडून आडनावाच्या मागे दडवलं, ते! मला विचारलं का कुणी? परवानगी घेतली? मी ताडकन उठलो, पण जायला जागाच नव्हती, जिन्याच्या बाजूला तो बसला होता. मी त्याला विचारलं की चांगलं पिढ्यान् पिढ्यांचं आडनाव असताना हे खूळ कशाला? तर म्हणतो, "ती म्हणते, त्या पहिल्या माणसाला आमच्यापैकी कुणी ओळखत नाही. बाबांना ओळखतो." आणि मग बुटांकडे बघत म्हणाला, की तुमची हरकत नसेल तर मीही तेच लावीन म्हणतो. मला आजवर ओळखीच्या माणसाचं नाव मिळालेलं नाही.

मी रडलो. सांगून टाकतो, कारण किल्लीवाला जिन्यात उभा राहून ऐकत होता आणि तो सोळाही गावांत सांगेल. (तोही रडत होता, पण ते तो सांगणार नाही.) इतके महिने मी विचारत फिरलो की त्या मूळ पुरुषाने असं केलं तरी काय? काही केलं नसणार त्याने. दात नाही, पेट्या नाहीत, आता मला वाटतं की भिंगंसुद्धा नाहीत. घरात ज्याला त्याचं नाव टाकवलं नाही असं एखादं पोर असणार, बस. तर नव्या आडनावाची आजची व्याप्ती अशी: एक पाळणा आणि एक लिफ्टवाला. हे किती टिकेल मला माहीत नाही. पण टिकलं तर पुढे कधीतरी कुणी निवृत्त म्हातारा भिंतीवर नकाशा लावेल आणि फोन करून विचारेल की आपला मूळ पुरुष काय करायचा? आणि कुणीतरी सांगेल की नात महिन्याची असताना तो जेवणावरून उठून टीव्हीचा रिमोट घेऊन पळून गेला होता. हे मला मुळीच चालणार नाही! अर्ध्या तासाने बस आहे. जावई पिशवी भरतोय. तेव्हा तू तो फोन करू नकोस.

ता. क. तिसरं, आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच असं समज — माझं नाव कुणी ठेवलं हे आता जगात दोघांनाच माहीत आहे, तुला आणि मला. आईने तुला कौतुकाने विचारलं की बाळाचं नाव काय ठेवू या, आणि तू शेजारच्या बाईंच्या बोक्याचं नाव सांगितलंस. तो बोका देखणा होता, सगळ्या गल्लीचा लाडका होता, हे सगळं मी तुझ्याकडून शंभर वेळा ऐकलंय. तरीही, ताई, हात जोडून सांगतो, एका घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. बोक्याचा उल्लेख कुठेही, कधीही, कुणापाशीही करू नकोस. आणि नात मोठी होऊन तुला विचारायला आली की आजी, मी महिन्याची होते तेव्हा आजोबा कुठे होते, तर तुला माझी शपथ आहे, सांग की घरीच होता. तुझ्या पाळण्यापाशी बसून चुक् चुक् करत होता.